बत्तासाची जखम

भाचीच्या हळदीला अंजूरला निघालेल्या सुचेताताई दारातून पुन्हा मागे वळल्या. "अहो, जाळीचं दार उघडं टाकू नका. बत्तासा बाहेर पळाला तर याद राखा!"

बत्तासा म्हणजे त्यांचा कुत्रा. पांढराशुभ्र, केसाळ, आणि सुचेताताईंच्या मते घरातला एकमेव समजूतदार पुरुष. त्यांचे यजमान तात्या, निवृत्त हेडक्लार्क, त्याला 'जनावर' म्हणत. जनावराचे एवढे लाड त्यांना पटत नसत.

सुचेताताईंची रिक्षा वळली आणि तात्यांनी पेपर उचलायला दार उघडलं. बत्तासा त्यांच्या पायांमधून सुटला, तो थेट समोरच्या पॉवरलूमच्या मागे, गंजके पत्रे टाकलेले असतात तिथे. परत आला तेव्हा मागच्या पायाला ओरखडा होता आणि त्यावर रक्ताचा एक टिपूस.

सुचेता यायच्या आत हे बरं व्हायलाच हवं होतं. तात्यांनी स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणला आणि चिमूटभर कशाला म्हणून मूठभर हळद पायावर थापली. बत्तासाने ती चाटली, मग सटासट शिंका दिल्या. सोफा, पडदा आणि तात्यांचा बनियन पिवळा झाला.

शिंकांच्या आवाजाने त्यांचा मुलगा आल्हाद उठून आला. तो कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये कामाला होता आणि नाइट शिफ्ट करून नुकताच झोपला होता.

"तात्या, हे काय? यालापण हळदीला पाठवताय का?"

"मस्करी नको. लागलंय त्याला. तुझ्या आईला कळलं तर मला घरात ठेवायची नाही ती."

आल्हादने मोबाइल काढला. "हे बघा, हळद लावायची नाही म्हणतायत. जखम धुवायची."

"कशाने?"

"स्वच्छ पाण्याने."

"नुसत्या पाण्याने हळद निघते होय रे?" तात्यांनी मोरीतली कपड्यांच्या साबणाची वडी उचलली आणि बत्तासाचा पाय खसाखसा चोळला.

मोरीतून लाल पाणी वाहू लागलं.

तात्या ओरडले, "अरे, नस तुटली! टॉवेल आण... थांब, मीच आणतो!" ते धावत गेले, धडपडत आले. "आता काय म्हणतो तुझा मोबाइल?"

"घट्ट दाबून धरा म्हणतो. तरी थांबलं नाही तर लगेच डॉक्टर."

जितकं दाबावं तितका टॉवेल लाल होत होता. बत्तासाचं मात्र एवढं कौतुक तात्यांनी आजवर केलं नव्हतं. तो शेपूट हलवत होता.

"शेपूट बघा की, तात्या. ठीक आहे तो."

"शेवटची हलवतोय रे!" तात्यांना रडूच फुटलं.

कामतघरच्या नाक्यावर रिक्षा मिळाली. प्रत्येक खड्ड्याला तात्या बत्तासाला छातीशी धरत होते आणि रिक्षावाल्याला "धीरे चलो" आणि "जल्दी चलो" एकाच दमात सांगत होते. शेवटी तोच म्हणाला, "चाचा, गाडी में खून टपक रहा है." तात्यांनी टॉवेल आणखी आवळला. खिशात सुचेताताईंचा फोन वाजत राहिला. तो घ्यायची त्यांची छाती झाली नाही.

जनावरांच्या डॉक्टर क्षितिजा यांनी बत्तासाला टेबलावर घेतलं. पायावरचे केस कापले, सलाईनने धुतलं, वाकून पाहिलं, टॉवेल हुंगला.

"काका, हळद लावलीत का? आणि वर साबण?"

"हो. वाचेल ना?"

"वाचेल म्हणजे? एवढासा ओरखडा आहे. हे रक्त नाही, साबणाने लाल झालेली हळद आहे. तुमच्या घरात हळदीचे कपडे कोण धुतं?"

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चाटू देऊ नका. सूज आली, पू झाला, लंगडायला लागला किंवा दुसरा कुत्रा चावला, तर लगेच आणायचं. रेबीजचं इंजेक्शन झालंय ना?"

"दरवर्षी. ही नेते त्याला," तात्या म्हणाले. आता कुठे त्यांना श्वास घेता आला.

डॉक्टर मात्र खाली बघत होत्या. "हळद टॉवेलात आहे, कुत्रा टेबलावर आहे. मग फरशीवर हे थेंब कसले?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. तात्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख अर्धं उचकटलं होतं आणि चप्पल रक्ताने भिजली होती.

"केव्हा लागलं हे?"

"काय की. कळलंच नाही," तात्या म्हणाले, आणि मगच त्यांना दुखायला लागलं.

"माणसांना मी तपासत नाही. समोर दवाखाना आहे, आत्ता जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या."

बाहेर फोन पुन्हा वाजला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तात्यांनी दार, पत्रा, हळद, साबण, सगळं भडाभडा सांगून टाकलं. शेवटी अंगठ्याचंही सांगितलं, जरा जास्तच रंगवून.

पलीकडून सुचेताताई म्हणाल्या, "बत्तासा जेवला का?"

आल्हादला हसू आवरेना. बापाचा आता भडका उडणार म्हणून तो वाट बघत होता. पण तात्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं हो गं! सकाळपासून उपाशी आहे पोरगं!" त्यांनी फोन ठेवला, बत्तासाला उचललं आणि समोरच्या दवाखान्याकडे ढुंकूनही न बघता ते लंगडत रिक्षा शोधायला निघाले.