उपाशी पोटाचं रक्त

सूनबाईच्या प्रयोगशाळेत रक्त द्यायला सासरेबुवांनी स्वतःहून बाही वर केली, आणि तिथेच ते फसले.

सूनबाईचं संशोधन कोलेस्टेरॉलवर होतं. खराब झालेलं कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलं, की शरीराच्या रखवालदार पेशी ते गिळायला धावतात. गिळून गिळून त्या फुगतात, हलेनाशा होतात आणि तिथेच ठाण मांडून वाट अडवतात. त्यांचा हा हावरटपणा कुठे सुरू होतो, ते तिला पाहायचं होतं. त्यासाठी निरोगी माणसाच्या ताज्या पेशी हव्या होत्या, आणि नेहमीचा रक्तदाता नेमका तापाने आडवा झालेला.

“माझं घे की,” सासरेबुवा म्हणाले. “वर्षभर या घरात तेलाचा थेंब येऊ दिलेला नाही मी!”

“उपाशीपोटी यायचं हं, बाबा.”

“म्हणजे काय, उपाशीच!”

उपाशी राहायचा त्यांचा अगदी मनापासून विचार होता. पण सकाळी फिरायला निघालं की पाय बेकरीकडे वळायचे, ते त्याही दिवशी वळले. दोन क्रीम रोल आणि लोणी थापलेला पाव पोटात गेल्यावर त्यांना वचन आठवलं. दुपारपर्यंत जिरेल सगळं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दुपारी रक्त काढलं, नळी यंत्रात गरगरा फिरवली. तंत्रज्ञ मुलीने ती उजेडात धरली. लाल थराच्या वर पिवळसर, नितळ पाणी दिसायला हवं होतं. दिसलं चक्क दूध.

“नळी बदलली असेल,” सासरेबुवा म्हणाले.

“आज तुम्ही एकटेच आलायत, काका.”

“मग यंत्र बिघडलंय!”

सूनबाईचा चेहरा उतरला. “बाबा, खरंच काही खाल्लं नाही ना?”

“पाण्याशिवाय काही नाही!”

हे वाक्य त्यांना भलतंच महागात पडलं. उपाशी माणसाचं रक्त असं पांढरं दिसलं तर ते गंभीर असू शकतं, हे सूनबाईला ठाऊक होतं. तिने त्यांना हाताला धरून शेजारच्या इस्पितळात नेलं, नवऱ्याला फोन केला, सासूबाईंना बोलावून घेतलं. डॉक्टरांनी नळी पाहिली. “ताबडतोब दाखल करू. आणि मी सांगेपर्यंत तोंडाने काहीही द्यायचं नाही.”

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा धापा टाकत पोचला. नर्स सलाईनची सुई घेऊन आली. सासरेबुवांनी सुईकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“क्रीम रोल,” ते पुटपुटले.

“काय?”

“खाल्ले. दोन. वर लोणी-पाव.”

“आज?” सूनबाईने विचारलं.

“आजसुद्धा.”

नर्सने सुईला टोपण लावलं. सासूबाईंनी डोळ्यांवरचा रुमाल काढला.

“म्हणजे ते तुम्ही होय!” त्या कडाडल्या. “मी भाजीच्या नावाखाली तिथवर पायपीट करते, तर बेकरीवाला रोज म्हणतो, शेवटचे क्रीम रोल कुणी म्हातारा उचलून घेऊन गेला. रोज केकवर भागवावं लागतं मला!”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि दोघांच्याही मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी लिहून दिली.

सूनबाईचा प्रयोग मात्र अडलेलाच. तिने नवऱ्याकडे पाहिलं. जेवायला बसलं की सगळ्यात जास्त कुरकुर याचीच.

“तू काय खाल्लंस सकाळपासून?”

“काही नाही. डब्यातला उकडलेला भोपळा बघूनच भूक मेली.”

तिने त्याला तसाच ओढत प्रयोगशाळेत नेला. मागोमाग आईबाबाही आले. त्याची नळी फिरून बाहेर आली ती सोन्यासारखी नितळ. तंत्रज्ञ मुलगी हरखून गेली.

“वा! असं रक्त बघायला मिळत नाही हो. एवढं कडक पथ्य कसं पाळता?”

मुलाने नळीकडे पाहिलं, मग बाकावर खाली मान घालून बसलेल्या आईबाबांकडे.

“म्हणजे वर्षभर तो भोपळा,” तो हळूच म्हणाला, “आम्ही दोघांनीच खाल्ला?”

सूनबाईने घाईघाईने मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्याच्याखाली अजून काहीच ठेवलेलं नव्हतं.