नाकारलेल्या मुलाची खुशाली

कैद्याचा घराशी संपर्क राहिला की तो सुधारतो, यावर जगभरच्या विद्वानांचं एकमत आहे. चांगली गोष्ट फुकट मिळाली की माणसाला तिची कदर राहत नाही, यावर टेलिफोन कंपन्यांचं. दोन्ही तत्त्वं एकदम अमलात आणायची तर तुरुंगात फोन बसवावा लागतो.

ओडेसा टिलमन अमेरिकेतल्या टोलेडोच्या एका हॉटेलात चादरी धुवायची. तिचा मुलगा लव्हेल चार तासांवरच्या तुरुंगात होता. (घरापासून लांब ठेवलं की घराची ओढ वाढते. हाही सुधारणेचाच भाग.) तो फोन करी, पैसे ओडेसाने भरायचे. पंधरा मिनिटांच्या बोलण्यात तिची अर्ध्या दिवसाची मजुरी जाई. हा फोन तुरुंगातून आहे, अशी आठवण यंत्र मधेमधे करून देई. आईला विसर पडू नये म्हणून. ही सेवा त्याच पैशांत होती.

चर्चमध्ये तिच्या शेजारी उभी राहून गाणाऱ्या बर्निसचे दोन्ही भाऊ आत जाऊन आले होते. तिला या विषयातलं कळत होतं.

"फोन घ्यायचाच नाही गं," ती म्हणाली.

"मग बोलायचं कसं?"

"कोण बोलतंय, असं यंत्र विचारतं ना? तिथे पोराने नाव सांगायचं नाही, खुशाली सांगायची. तेवढी ऐकायची आणि नाही म्हणायचं. नाही म्हणायला या देशात अजून पैसे पडत नाहीत."

त्यानंतर यंत्र अत्यंत गंभीर आवाजात सांगू लागलं, "तुम्हाला 'आई-मी-बराय-दाढ-थांबली' यांचा फोन आहे. घ्यायचा असल्यास एक दाबा, नाकारायचा असल्यास दोन." ओडेसा दोन दाबी. लगेच दाबलं तर घरी सगळं ठीक, थांबून दाबलं तर पोरा, जपून राहा. नाव सांगायला तीन सेकंद मिळत. तेवढ्यात लव्हेल दाढ, सर्दी, घोरणारा सोबती आणि नाताळच्या शुभेच्छा बसवायला शिकला. (एवढं थोडक्यात बोलणं त्याला शाळेत जमलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं ओडेसाचं मत होतं.) चौदा महिन्यांत एक संध्याकाळ चुकली नाही. कंपनीच्या आकडेवारीनुसार मायलेकांचं एकूण बोलणं शून्य मिनिटं झालं.

मग लव्हेलने मुदतीआधी सुटण्यासाठी अर्ज केला. ओडेसा चर्चला घालायची टोपी घालून सुटकेचा निर्णय करणाऱ्या मंडळापुढे बसली. मंडळाचे अध्यक्ष सज्जन होते आणि त्यांनी कागद वाचले होते.

"बाई, सुटल्यावर तो तुमच्याकडे राहणार म्हणता. पण चौदा महिन्यांत तुम्ही त्याचा एकही फोन घेतलेला नाही. रोज नाकारलात."

"हो साहेब. रोज."

"का?"

खरं सांगायची सोय नव्हती. नावाच्या जागी खुशाली सांगणं हा फोनचा गैरवापर, आणि त्याची शिक्षा लव्हेललाच झाली असती. ओडेसाने टोपी नीट केली.

"रागावले होते मी त्याच्यावर," ती म्हणाली. आयुष्यात इतकं जड खोटं ती बोलली नव्हती.

मंडळाने सर्व बाजूंचा विचार केला. कैद्याची वर्तणूक उत्तम, मात्र त्याला मायेचं माणूस नाही, सबब मुक्काम आणखी दोन वर्षं. त्या काळात आईने संपर्क वाढवावा, अशी शिफारसही केली. (शिफारशीचे पैसे घेतले नाहीत.)

संध्याकाळी फोन वाजला. "तुम्हाला 'आई-काय-ठरलं' यांचा फोन आहे." ओडेसाने एक दाबलं.

"अगं, घेतलास कशाला?" लव्हेल घाबरला. "पैसे पडतील ना."

"पडू देत. नोंद तरी होईल."

उरलेली मिनिटं ती त्याचा श्वास ऐकत बसली आणि तेवढ्यासाठी निम्म्या दिवसाची धुलाई तिला महाग वाटली नाही.

हे मंडळ फारच कोरडं, असं वाचकांना वाटलं असेल. आपल्याकडे बोलणं जवळजवळ फुकट आहे. तरी आईचा फोन आला की आपण लाल बटण दाबतो, आणि तेही लगेच. चार पाहुण्यांत कोणी तिला विचारलंच, की मुलगा बोलतो ना रोज, तर ती पदर नीट करून सांगते, "बोलतो की. रोज बोलतो."