बावीस पुठ्ठे

सकाळी सहाला हेडक्लार्क उठले, म्हणजे त्यांचे डोळे उठले. कंबर अजून अंथरुणातच होती. एकतीस वर्षं खुर्चीत काढलेल्या त्या कंबरेला निवृत्तीनंतर नैसर्गिक शेती शिकायची काही हौस नव्हती. हौस त्यांची, भोग तिचे.

अट मात्र बायकोची होती. घरामागची दहा गुंठे जागा तिला वडिलांकडून मिळालेली. तिथं तिच्या भावाला गोदाम बांधायचं होतं आणि नवऱ्याला बिनविषाची भाजी पिकवायची होती. "तीन महिने शेतावर राहून शिका, दाखला आणा, जागा तुमची," ती म्हणाली होती. "घरातला मनीप्लांटसुद्धा तुमच्या हातून वाळला, म्हणून म्हणते."

शेत दीड एकराचं आणि एका बाईंचं. त्यांना सगळे ताई म्हणत. वयानं त्या हेडक्लार्कांच्या मुलीएवढ्या, पण हेडक्लार्क त्यांना मॅडम म्हणत, कारण दाखल्यावर सही त्यांची लागणार होती.

शेवटच्या महिन्यात ताई बहिणीच्या बाळंतपणासाठी बारा दिवस गावाला निघाल्या. "काका, त्या रिकाम्या वाफ्यावर शेडमधले पुठ्ठे अंथरा, भिजवा, वर बोटभर कंपोस्ट घाला. उजेड मिळाला नाही की गवत मरतं. कुठं डोकं वर काढलंच, तर त्यावर अजून पुठ्ठा. आणि पाणी दोन वेळा."

"लेखी देता का, मॅडम?"

ताईंनी हसत लिहून दिलं. तिथंच घात झाला. तोंडी हुकूम असला तर हेडक्लार्क अधूनमधून डोकं वापरत. लेखी हुकूम ते फक्त पाळत.

तिसऱ्या दिवशी गवतानं डोकं वर काढलं. शेडमधले पुठ्ठे संपले होते. शोधता शोधता वरच्या फळीवर आणखी बावीस सापडले. प्रत्येक पुठ्ठा दुहेरी, कडेनं खळ लावून चिकटवलेला, वर पेन्सिलीनं एक आकडा. ना शेरा, ना सही. हलवला की आत काहीतरी खुळखुळायचं.

"कीड लागलेली दिसते," हेडक्लार्क दमलेल्या आवाजात स्वतःशीच म्हणाले.

पण नियम म्हणजे नियम. काहीही नष्ट करायचं तर आधी यादी. त्यांनी वहीत वाफ्याचा नकाशा काढला, कुठल्या चौकोनात कितव्या आकड्याचा पुठ्ठा गेला ते लिहिलं, खाली सही आणि तारीख. मग बावीसच्या बावीस अंथरले, भिजवले, कंपोस्ट घातलं आणि कंबर दोन्ही हातांनी धरून परत आले.

आठ दिवसांनी नेमक्या त्याच पुठ्ठ्यांमधून हिरवे कोंब वर आले. हेडक्लार्कांना रडू यायचं बाकी राहिलं. पुठ्ठ्यासाठी ते तडक किराणा दुकानात गेले.

"रिकामं खोकं नाही," दुकानदार म्हणाला. "भरलेलं न्या."

दुसऱ्या दिवशी ते साबणाच्या बहात्तर वड्यांचं खोकं खांद्यावर घेऊन शेतात पोचले, तर वाफ्यापाशी ताई उभ्या.

"काका, फळीवरचे पुठ्ठे कुठं गेले?"

"अंथरले. पण गवत फार चिवट, मॅडम. पुठ्ठ्यातूनच येतंय."

ताई वाफ्यापाशी उकिडव्या बसल्या. "त्यात माझं बियाणं होतं हो. नऊ वर्षं जमवलेलं. बावीस जाती."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं बोटानं एका कोंबावरचं कंपोस्ट बाजूला केलं. "वांग्याच्याच सहा जाती आहेत. मिरच्या आठ. रोपं एवढीशी असताना सगळी सारखीच दिसतात. कुठलं काय, आता देवाला ठाऊक."

दहा गुंठ्यांवर उभं राहिलेलं गोदाम हेडक्लार्कांना स्पष्ट दिसलं. पण त्याहून वाईट वाटलं ते ताईंच्या चेहऱ्याचं. ते खोलीत गेले, बॅग भरली, आणि कार्यभार सोपवल्याशिवाय जायचं नसतं म्हणून वही ताईंच्या हातात दिली.

"हे काय?"

"नष्ट केलेल्या पुठ्ठ्यांची यादी. आकड्यांसहित."

ताईंनी पान उलटलं. मग धावत घरात जाऊन त्या आकड्यांपुढे जातींची नावं लिहिलेली आपली डायरी घेऊन आल्या. "सात नंबर कुठं गेला?"

"दुसरी ओळ, डावीकडून तिसरा."

"अहो, मग ही काटेरी वांगी! आणि एकोणीस?"

"शेवटची ओळ, नळाच्या बाजूला."

"लवंगी मिरची!" ताईंनी डोळे पुसले. "बॅग आत ठेवा, काका. ही सगळी रोपं वेगवेगळी लावायची, फळं पिकू द्यायची, बी धरायचं. तुमचा हा नकाशा तुमच्याशिवाय कोण वाचणार? अजून पाच महिने लागतील."

हेडक्लार्कांच्या जिवात जीव आला. कंबरेचा मात्र गेला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "मिळणार ना दाखला?"

"एवढ्यात नाही. मुदतवाढ मिळालीय. पाच महिने."

हेडक्लार्कांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग भावाला सांगते, गोदामासाठी दुसरी जागा बघ म्हणून," बायको म्हणाली. "निवृत्तीच्या वेळी दोन-दोन अर्ज करूनही ऑफिसनं तुम्हाला एक दिवसाची मुदतवाढ दिली नव्हती. काही पाठवू का? साबण-बिबण?"

हेडक्लार्कांनी खाटेखालच्या साबणाच्या खोक्याकडे पाहिलं. लांबूनच, कारण वाकवत तर नव्हतंच.

"नको," ते म्हणाले. "पाच महिने पुरेल."