दोन भिंतींमधला रस्ता

वाढत्या शहरातला रस्ता कुठेतरी जाऊन थांबला पाहिजे. जो थांबत नाही तो दुसऱ्या रस्त्याला मिळतो, आणि एकदा रस्ते एकमेकांना मिळाले की माणसं कुठूनही कुठेही जाऊ लागतात. आमच्या शहराच्या जुन्या भागात हा प्रकार अजून चालतो. तिथे गल्लीत शिरलेला माणूस चार ठिकाणांहून बाहेर पडू शकतो (आणि पडतो), त्यामुळे तिथल्या जागांना भाव नाही.

नव्या भागात ही चूक सुधारली आहे. प्रत्येक वसाहतीला एक फाटक, फाटकाच्या आत एक रस्ता आणि रस्त्याच्या शेवटी भिंत. सगळी फाटकं एकाच हमरस्त्यावर उघडतात. त्यामुळे दूध आणायला निघालेला, विमान पकडायला निघालेला आणि मयताला निघालेला माणूस एकाच सिग्नलला भेटतात. शहरात आपुलकी टिकून आहे ती अशी. जाहिरातीत याला 'शांत परिसर' म्हणतात. परिसर खरोखरच शांत असतो, कारण रहिवासी हमरस्त्यावर असतात.

माझ्या आईने आणि मावशीने म्हातारपणी जवळ राहायचं म्हणून पाठीला पाठ लागलेली घरं घेतली. वसाहती तेवढ्या वेगळ्या निघाल्या. आमच्या खिडकीतून मावशीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. रस्त्याने जायचं तर आमचं फाटक, हमरस्ता, उड्डाणपूल, पुलापलीकडचा यू-टर्न, पुन्हा हमरस्ता आणि मावशीचं फाटक, असा तासाभराचा प्रवास आहे. (पूल वाहतूक कमी करण्यासाठी बांधला होता. हल्ली तो वाहतूक ठेवायला वापरतात.)

गेल्या महिन्यात मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. दर दोन तासांनी थेंब घालायचे; चुकले तर डोळ्याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. मावशी एकटी. तिने स्वतः घातलेला थेंब गालावर पडतो (कॅरममध्येही तिचा नेम असाच होता). मग आई निघाली. जायला तास, यायला तास. घरी येऊन चप्पल काढली की पुढच्या थेंबाची वेळ. चौथ्या दिवसापासून तिने चप्पल काढणं सोडलं.

ती मावशीकडेच का राहिली नाही, असं कुणी विचारेल. तिथे पाहुण्याचा पास तासाभराचा मिळतो आणि त्यातला बराचसा तो मिळवण्यात जातो. मावशी आमच्याकडे का आली नाही? आमच्याकडेही हाच नियम आहे, फक्त आम्ही त्याला शिस्त म्हणतो.

शेवटी मी भिंतीत एक लहान दार मागितलं. सेक्रेटरींना कल्पना पसंत पडली.

"दार हवंच," ते म्हणाले. "पण दार म्हटलं की त्यातून कुणीतरी येणार."

"मावशी येईल."

"आज मावशी. उद्या तिचं बघून काका येतील."

"काका वारले."

"अरे, मी तत्त्वाचं बोलतोय."

तत्त्वानुसार ठराव झाला: दार बाहेर उघडावं, बाहेरून त्याला मूठ नसावी, आणि किल्ली समितीकडे राहावी. आपली माणसं जातील, त्यांची येणार नाहीत. टाळ्या पडल्या. मावशीच्या वसाहतीने स्वतंत्र विचार करून शब्दशः हाच ठराव केला. (दोन्ही सेक्रेटरी एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे कॉपीचा संशय नको.)

इथे सांगायला हवं की भिंती दोन आहेत. दुसऱ्याच्या भिंतीवर कोण विश्वास ठेवणार? मध्ये दोन खुर्च्या मावतील एवढी पट्टी आहे. कुणी कचरा टाकू नये म्हणून पालिकेने ती हमरस्त्याच्या बाजूने विटांनी बंद केली आहे; दुसऱ्या टोकाला तिसऱ्या वसाहतीची भिंत आहे.

ठरल्या वेळी आई आमच्या दारातून बाहेर पडली, मावशी तिच्या. दोन्ही दारं मागे बंद झाली.

"किती वाळलीस गं," मावशी म्हणाली.

"ताई, वर बघ. बोलू नकोस."

थेंब वेळेवर पडला. मग आईने आमचं दार ठोठावलं.

"कोण?" वॉचमन म्हणाला.

"मीच. उघड."

"काकू, तुम्ही बाहेरून येताय ना?"

"मग काय आतून ठोठावू?"

"बाहेरून येणाऱ्यांनी मेन गेटने यायचं."

"अरे, इथून मेन गेटला रस्ता कुठंय?"

"ते मला नका विचारू. रस्ते खात्याला विचारा."

रस्ते खात्याचे इंजिनिअर आले. शिडीवरून त्यांनी पाहणी केली आणि दोन वसाहतींना जोडणारा शहरातला पहिला रस्ता म्हणून पट्टीची नोंद केली. कोंडी शून्य, अपघात शून्य, रस्ता वापरणारे शंभर टक्के बसलेले. जाताना त्यांनी शिडी नेली, कारण ती सरकारी होती.

मी वरून दोरीने डबा, पांघरुणं आणि दोन खुर्च्या सोडल्या. थेंब आता अगदी वेळेवर पडतात. दोघी चाळीस वर्षांत बोलल्या नसतील एवढं बोलतात, निम्मं माझ्याबद्दल. पण उद्या सकाळी मावशीचा डोळा डॉक्टरांना दाखवायचा आहे, आणि न दाखवून चालणार नाही. म्हणून दाराला बाहेरून मूठ बसवण्यासाठी आज संध्याकाळी तातडीची सभा बोलावली.

सभासद आले. विरोध कुणाचाच नव्हता. फक्त कोरमला एक माणूस कमी पडला. तो घरी यायला निघाला होता. त्याला सिग्नलवरून आमच्या फाटकावरचा दिवासुद्धा दिसत होता, पण गाड्या हलेनात, तेव्हा वेळ जावा म्हणून तो मागच्या सीटवर काहीतरी वाचत बसला होता.

तुम्हाला कुणी दोष देत नाही. वाचून होतच आलंय, तर मान वर करून सिग्नल सुटलाय का तेवढं बघा. डावीकडे जो नव्या विटांचा भाग दिसतो, त्याच्या आतून कुणी ठोठावत असेल तर काच वर करून घ्या.

म्हणजे, घेतली नसेल तर.