पाचपैकी तीन

या, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढे यावं, दारातल्यांनी आत यावं. अमेरिकेतल्या एका पोलिसाची गोष्ट सांगतो. भिऊ नका, यात कोणी कोणाला मारत नाही. सगळेजण चांगलंच वागतात, आणि तरीही नुकसान होतं.

डॉगवुड स्ट्रीटवर गस्त घालणाऱ्या रेनर्ड कॉबिन्सला लेफ्टनंट शूमेकरबाईंनी सकाळी सकाळी बोलावून घेतलं. कोर्टाच्या हुकमाने शहराच्या पोलीस खात्यात सुधारणा चालू होत्या, आणि त्या कुठवर आल्या हे पाहायला वकिलांची एक देखरेख समिती बसली होती. पोलिसाने नागरिकाशी केलेली प्रत्येक बातचीत संगणकात नोंदवायची. मग समिती त्या नागरिकाला फोन करून विचारणार, पोलीस कसा वागला? पाचपैकी गुण द्या.

"कॉबिन्स, तुझ्या नावापुढे शून्य! महिनाभर फिरतोयस आणि कोणाशी बोललाच नाहीस?"

"बोलतो की मॅडम. रोज संध्याकाळी मदर टॉलिव्हरच्या ओसरीवर बसतो."

"कशासाठी?"

"कशासाठी असं नाही. त्या बोलतात, मी ऐकतो."

"मग ते नोंदव ना राजा! फुकट कशाला घालवतोस?"

मदर टॉलिव्हर ही चर्चमधली सगळ्यांत जुनी बाई, म्हणून अख्खी वस्ती तिला मदर म्हणे. रेनर्डची रविवारी हमखास ड्यूटी असायची, प्रवचन चुकायचं. ते मदर त्याला आठवडाभर पुरवून पुरवून ऐकवी. त्यांच्या पास्टरांचं प्रवचन म्हणजे आधी नुसतं बोलणं. मग श्वासाला लय सापडायची, शब्द लांबायला लागायचे, मागून ऑर्गन हुंकार द्यायचा, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते ऐकणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही. डोळे मात्र ओले झालेले असायचे. मदर ते सगळं खुर्चीच्या हातावर ताल धरून गाई. ऑर्गनच्या जागी रेनर्ड. त्याने मधूनमधून "हो मदर, खरंय मदर!" म्हणायचं आणि बर्फ घातलेला गोड चहा प्यायचा. दिवसभर शिव्या खाल्लेल्या माणसाला तेवढ्या अर्ध्या तासात पुन्हा माणसात आल्यासारखं वाटे.

आता तो इमानदारीने रोज नोंद करू लागला. 'थांबवण्याचं कारण' या रकान्यात प्रवचन नव्हतं, म्हणून त्याने 'इतर' निवडलं. आणि समितीचे फोन सुरू झाले.

एका संध्याकाळी तो पडेल चेहऱ्याने ओसरीवर आला.

"मदर, तुम्ही मला तीनच गुण देता? माझं चुकलं तरी काय?"

"तीन म्हणजे वाईट का रे? बाळा, पाच देवाचे. चार आमच्या पास्टरांचे, तेही गळा लागला तर. माणसाला तीन पुष्कळ झाले. माझ्या नवऱ्याला, देव त्याला सुखात ठेवो, मी जन्मभर दोनच दिले."

"पण लोक सगळ्यांना पाच देतात हो!"

"लोक चर्चलासुद्धा उशिरा येतात."

"आणि मंगळवारी तर दोन दिलेत!"

"मंगळवारी? प्रवचनातल्या नोहाच्या तारवात सगळे प्राणी चढून होईपर्यंत तू घोरत होतास."

रेनर्ड चहा प्यायला.

संगणकाला बिचाऱ्याला ओसरी कुठून कळावी! त्याला एवढंच दिसलं, की एक पोलीस रोज एकाच म्हाताऱ्या काळ्या बाईला थांबवतोय, गुन्हा काही नाही, कारण 'इतर', आणि बाई नाखूश. त्याने रेनर्डच्या नावावर लाल खूण केली. शूमेकरबाईंनी कपाळाला हात लावला. "चौकशी होईपर्यंत डॉगवुडवर पाऊल ठेवायचं नाही. आणि त्या बाईंना फोनही नाही, समजलं? साक्षीदार आहेत त्या."

"मॅडम, तुम्हीच म्हणालात नोंदव."

"रोज एकच बाई नोंदव, असं म्हणाले होते का मी?"

समितीच्या वकील रोझलिंड फाइगबाई मदरच्या घरी आल्या. बाई मनाने चांगल्या. ओसरीवर बसल्या, मदरने केलेला मक्याचा कॉर्नब्रेड खाल्ला, सगळं ऐकून पोट धरून हसल्या.

"मदर, हा तर सगळा घोटाळाच आहे! एक सही करा, मी सगळ्या नोंदी रद्द करते. सोमवारी तुमचा पोलीस परत ओसरीवर."

मदरने चष्मा लावला, पेन हातात घेतलं. "रद्द म्हणजे काय गं पोरी?"

"म्हणजे ही बोलणी झालीच नाहीत, असं धरायचं."

पेन तसंच थांबलं. मदरने रस्त्याकडे बोट दाखवलं.

"माझ्या पोराचा, क्लिफ्टनचा, जबडा पोलिसांनी त्या समोरच्या दिव्याखाली मोडला," ती म्हणाली. "तेव्हाही पोलिसांनी लिहिलं होतं, काही झालंच नाही. पोरगा शहर सोडून गेला तो गेलाच. मग आम्ही बायका कोर्टात उभ्या राहिलो. म्हटलं, पोलीस आमच्या दारात एक शब्द जरी बोलला तरी तो लिहा, आणि आम्हाला विचारा. तुमचा हा नियम आहे ना, तो आमच्या ओरडण्यातून आलाय."

"पण हा माणूस तसा नाही, मदर."

"नाही गं, मुळीच नाही. पण आज याच्यासाठी 'झालंच नाही' म्हणून सही केली, तर उद्या दुसरा कोणी याच कागदावर सही मागेल. आणि झालं होतं, पोरी. एकूण एक संध्याकाळ झाली होती. नाही कसं म्हणू?"

तिने पेन परत दिलं. फाइगबाईंनी बिनसहीचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

लाल खूण आणि डॉगवुडची बंदी तशीच राहिली, आणि रेनर्डची बदली विमानतळावर झाली. तिथे तो लोकांना स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवी, आणि घाईत असलेले ते लोक त्याला पटापट पाच गुण देऊन विमानात चढत.

पुढच्या अहवालाची सभा चर्चच्या तळघरात भरली. फाइगबाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी आलेल्या तरुण वकिलाने भिंतीवर आलेख दाखवला. "डॉगवुड स्ट्रीट! विनाकारण थांबवल्याच्या घटना एकदम बंद. आणि ज्यांच्यावर लाल खूण होती, ते ऑफिसर कॉबिन्स! आज शहरात सर्वाधिक गुण त्यांना आहेत. सुधारणा म्हणतात ती ही!" प्रमाणपत्र घ्यायला रेनर्ड पुढे आला. कडकडून टाळ्या पडल्या.

"मदर टॉलिव्हर, तुमच्या गल्लीबद्दल दोन शब्द?"

मदर काठी टेकत उठली. हातात प्रमाणपत्र धरून उभ्या असलेल्या त्या उंच माणसाकडे तिने पाहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आता आमच्याकडे कोणीही पोलीस कोणाशी विनाकारण बोलत नाही."

"आमेन!" कोणीतरी मागून ओरडलं, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. मदर खाली बसली. तिनेही वाजवल्या, कारण नियमाची मागणी तिचीच होती. रेनर्डच्या मनात एकच येत होतं, त्या सकाळी नावापुढचं शून्य तसंच राहू दिलं असतं तर?

बाबांनो, मदर आणि रेनर्ड, दोघांपैकी चुकलं कोण, ते मला विचारू नका. मला सांगता यायचं नाही. एवढंच करा. कधी वाटेत एखादी म्हातारी ओसरीवर एकटीच गुणगुणताना दिसली, तर मदर टॉलिव्हरची आठवण काढा, आणि घटकाभर विनाकारण थांबा.