लुकेशच्या दिव्याला जांभळाचे तीन हात

एका जंगलात सिग्नल एकही नव्हता, पण सिग्नल तोडल्याची पावती मात्र मिळायची.

तर बाळांनो, नीट बसा. मोबाईल पालथे ठेवा. मागे बसलेल्या काकांनीपण ठेवा, आज तुम्हीसुद्धा बाळच आहात.

या जंगलात लुकेश नावाचा एक काजवा राहायचा. वय बारा दिवस. म्हणजे काजव्यांच्या मानाने लग्नाचंच. आणि लुकेशचं जवळजवळ जमलंही होतं. ओढ्यापलीकडे करवंदीच्या जाळीत ठिणगी नावाची मुलगी होती. लुकेश हिरड्याच्या झाडावरून दोनदा चमकला की ती जाळीतून एकदा चमकायची. बास. काजव्यांत बघण्याचा कार्यक्रम एवढाच. पोहे नाहीत, पत्रिका नाही, ‘मुलगा पुढे काय करायचं म्हणतोय’ नाही. बोलणं तर अजिबातच नाही, ते वाईट दिसतं.

तीन संध्याकाळी उत्तरं जुळली की ठरलं असं समजायचं. मग अमावस्येच्या तिन्हीसांजेला मुलाने हिरड्याच्या शेंड्यावर बसून सगळ्यांदेखत दोनदा चमकायचं. मुलीने उत्तर दिलं की लग्न लागलं. मुलगा चमकलाच नाही तर तो नकार, आणि मुलीकडचे दुसरा दिवा बघायला मोकळे.

लुकेशच्या तीन संध्याकाळी छान झाल्या होत्या. अमावस्येला चार दिवस होते. अशा वेळी शहाणा काजवा काय करेल? गप पडून राहील, दव पिईल, पंख सांभाळेल.

लुकेशने काय केलं? मॉडिफिकेशन.

नाही, पण त्याचंही समजून घ्या ना. हिरड्यावर नऊशे काजवे. नऊशे जणांचा दिवा सेम टू सेम, पिवळा-हिरवा, कंपनी फिटिंग. त्यात माणसाने, म्हणजे काजव्याने, उठून दिसायचं कसं? ठिणगीला कळणार कसं की हा कोणी साधासुधा नाही, हा लुकेश आहे?

जांभळाच्या बुंध्याशी डेंगळेभाऊ नावाच्या मुंगळ्याचं दुकान होतं. तिथे भुंग्यांना पॉलिश व्हायचं, नाकतोड्यांचे हॉर्न बदलून मिळायचे, फुलपाखरांना स्टिकर लागायचे. डेंगळेभाऊंनी लुकेशच्या शेपटीकडे बघून नुसती मान हलवली. असा पिवळा आता कोणी ठेवत नाही म्हणाले. मग त्यांनी पिकल्या जांभळाच्या रसाचे तीन हात मारले. निघताना लुकेशने विचारलं, की हे नियमात बसतं ना.

“आजवर एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलेलं नाही,” डेंगळेभाऊ म्हणाले.

का आलं नाही, हे विचारायचं लुकेशला सुचलं नाही.

आणि लुक काय आला होता, अहाहा. काळाभोर, तुकतुकीत. चमकलं की आत कुठेतरी खोल, विहिरीत पडलेल्या नाण्यासारखा एक जांभळट ठिपका. लुकेश खुळाच झाला. घरी जाऊन आईसमोर तीनदा चमकला. आई म्हणाली, कधी लावणार आहेस? लुकेश म्हणाला, आई, तेच तर आहे. आईला ते ‘तेच’ काही कळलं नाही.

त्याच संध्याकाळी तो चक्कर मारायला निघाला. दहा हात गेला असेल, मागून एक म्हातारा पतंग येऊन धाडकन आदळला. आजोबांनी विचारलं, तुझा दिवा कुठाय. लुकेशने सांगितलं की हाच दिवा आहे, प्रीमियम आहे. आजोबांनी त्याला काय काय ऐकवलं ते मी सांगणार नाही, इथे खरोखरची लहान मुलंही बसलेली असू शकतात.

एवढ्यात वळणावरच्या एका पानाला डोळे फुटले.

ते सरडे हवालदार होते. तासाभरापासून तिथेच होते, पानाच्या रंगाचे होऊन. नियम मोडेपर्यंत दिसायचं नाही आणि मोडला रे मोडला की एकदम दिसायचं, ही त्यांची कामाची पद्धत.

“बाजूला बस,” ते म्हणाले. “शेपटी दाखव.”

आपल्या सगळ्यांना शिकवलेलं असतं ते पहिलं वाक्य लुकेशने टाकलं. “साहेब, माझे मामा सिंहाच्या गुहेत दिव्याला आहेत.”

“या जंगलात सगळ्यांचेच मामा दिव्याला आहेत,” सरडे म्हणाले. “मग एवढा अंधार कसा रे?”

पिंपळपानावर पावती फाटली. गुन्हा : शेपटीचा दिवा बेकायदा काळा करणे. शिक्षा अशी, की रंग काढायचा, दिवे तपासणी कार्यालयात जाऊन दिवा दाखवायचा आणि पावतीवर ‘दिवा दिसला’ असा शिक्का आणायचा. तोवर दिवा लावायचा नाही. लावला तर पंख जमा.

आता आलं ना लक्षात? चार दिवसांत शिक्का मिळाला नाही तर अमावस्येला चमकता येणार नाही. चमकला नाही तर नकार. आणि पलीकडे ठिणगी रोज संध्याकाळी बघत बसणार, की कालपर्यंत दोनदा चमकणारा हा पोरगा आज गेला कुठे.

आईने रिठ्याचा फेस करून लुकेशची शेपटी घासली. घासता घासता बोलली ते असं, की तुझे बाबा अठरा दिवस जगले, पण अठराही दिवस दिसले. रंग निघाला. दिवा परत पहिल्यासारखा पिवळा-हिरवा, स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात गेला. रांग ही अशी! खेकडा होता, उलट्या बाजूने चालल्याबद्दल. मोर होता, मागे लांब सामान लटकवल्याबद्दल. एका गोगलगायीला अतिवेगाची पावती आली होती. फोटो तिचा नव्हता, वेळ तिची नव्हती, रस्तासुद्धा तिचा नव्हता. पण ती भयंकर खूश होती. दंड भरून टाकणार आणि पावती घरात लावणार म्हणाली.

टेबलाशी तपासणी अधिकारी पिंगळेबाई होत्या. पिंगळा म्हणजे ते छोटं घुबड. टेबल उघड्या माळावर, डोक्यावर टळटळीत ऊन. बाईंचा एक डोळा बंद होता आणि दुसरा विचार करत होता.

“लाव,” बाई म्हणाल्या.

लुकेशने लावला. पोटातून, जीव तोडून लावला.

“लाव म्हटलं ना?”

“मॅडम, लावलाय.”

बाईंनी रजिस्टरमध्ये लिहिलं : दिवा दिसला नाही.

लुकेशने अगदी नम्रपणे सांगितलं, की मॅडम, ऊन आहे. बाई म्हणाल्या, ऊन आमच्याकडे येत नाही, त्याचं खातं वेगळं. मग त्याने विचारलं की संध्याकाळी येऊ का, संध्याकाळी तुम्हालाही चांगलं दिसतं असं ऐकलंय.

“चांगलं? मला उंदराची मिशीसुद्धा दिसते संध्याकाळी,” पिंगळेबाई म्हणाल्या. “म्हणून तर ऑफिस दिवसा ठेवलंय. नाहीतर कामाचा केवढा ताण येईल.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी लुकेश परत गेला. दिवा दिसला नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती, सिंहाच्या आयाळीचा वाढदिवस. सिंहाचा नाही, आयाळीचा. सिंहाचा वेगळा असतो.

आता उद्या अमावस्या. लुकेशचा पार भुगा झाला होता. संध्याकाळी तो हिरड्याच्या खालच्या फांदीवर बसून ओढ्यापलीकडे बघत होता. जाळीतून ठिणगी एकदा चमकली. थांबली. परत एकदा चमकली. उत्तर येईना म्हणून तिसऱ्यांदा चमकली, जरा दमाने, कोणी दार वाजवताना वाजवतं तसं. आणि हा बसलाय, चांगला धडधाकट दिवा पोटाशी धरून, बंद. विचार करा हो काय वाटलं असेल.

तो तडक डेंगळेभाऊंकडे भांडायला गेला. पण डेंगळेभाऊंशी भांडता येत नाही, ते हातातलं काम थांबवतच नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की तू चुकतोयस. तू त्या बाईंना दिवा दाखवतोयस. त्यांना दिवा नकोय, त्यांना उन्हात पिवळं काहीतरी दिसायला हवंय. मग त्यांनी रानहळद उगाळली, तिच्यात बाभळीचा डिंक कालवला आणि लुकेशच्या शेपटीवर थापायला घेतलं.

“भाऊ, यातून उजेड येईल ना बाहेर?”

“एका वेळी एकच काम सांग,” डेंगळेभाऊ म्हणाले.

अमावस्येची सकाळ. लुकेश टेबलासमोर उभा राहिला. शेपटी अशी पिवळीधमक, की पलीकडचा खेकडा सरळ चालायला लागला. पिंगळेबाईंनी एक डोळा अर्धा उघडला आणि म्हणाल्या, लख्ख. ठाप्. दिवा दिसला. वर सांगितलं, की आहे तसाच ठेवायचा, खरवडलास तर परत पावती. लुकेश म्हणाला, मॅडम, पण मी अजून लावलेलाच नाही. बाई म्हणाल्या, बघ, न लावतासुद्धा दिसतोय, याला म्हणतात दर्जा.

आणि मग तर कहरच झाला. सरडे हवालदारांनी जाहीर केलं की आज संध्याकाळी विशेष मोहीम आहे, शिक्का नसलेला एकही दिवा लागता कामा नये. झालं. हिरड्यावरचे उरलेले आठशे नव्याण्णव डेंगळेभाऊंच्या दारात. दुपारी तेच सगळे माळावर. बाईंनी धडाधड शिक्के मारले. आता त्यांना तो अर्धा डोळाही उघडावा लागत नव्हता.

तिन्हीसांजा झाल्या. नऊशे काजवे हिरड्यावर चढले. लुकेश शेंड्यावर बसला, शिक्क्याची पावती काखेत. सगळ्यांनी श्वास घेतला आणि सगळे एकदम चमकले.

काहीच झालं नाही.

म्हणजे ते चमकत होते हो, अगदी आतून चमकत होते. पण हळद आणि डिंक. हिरडा पहिल्यांदाच शंभर टक्के नियमात होता आणि शंभर टक्के काळोखात. लुकेश दोनदा चमकला, वीसदा चमकला, शेपटी फांदीवर घासून घासून दुखायला लागली. पलीकडे जाळीत ठिणगीचा दिवा वाट बघत होता. मग तिथला दिवा विझला, आणि लुकेशने डोळे मिटून घेतले. झालं ना, नकार पोचला.

थोड्या वेळाने खाली वळणावर कोणीतरी भांडत असल्याचा आवाज आला. पोरीचा आवाज होता, आणि काय आवाज होता. साहेब, मला एकाला जाब विचारायचाय, ती सांगत होती. तीन संध्याकाळी दोनदा चमकला आणि आता चार दिवस पत्ता नाही. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हण, असं शेपूट मिटून बसणं हा काय प्रकार आहे. सरडे हवालदार तिला समजावत होते की तुझं खरं असेल बाई, पण तू दिवा फुल सोडून आलीस, समोरच्याचे डोळे दिपतात, याची पावती आहे. आधी दिवा बंद कर.

तिने बंद केला.

लुकेश खाली उडी मारून आला. उडी कसली, पडलाच. अंधार असा, की कोण कुठे आहे कळेना. आणि त्याने ते केलं जे काजव्यांत आजवर कोणी केलं नव्हतं. तो मुलीशी बोलला.

“मी चमकतोय,” लुकेश म्हणाला. “आत्तासुद्धा चमकतोय. दिसत नाहीये एवढंच.”

ठिणगी आवाजाच्या दिशेने वळली. मग म्हणाली, “कशावरून?”

त्याने पिंपळपान पुढे केलं. तिने अंधारात शिक्क्यावरून पाय फिरवत एकेक अक्षर वाचलं. दिवा दिसला. ती हसायला लागली. मग तिने चाचपडत त्याच्या शेपटीला हात लावला. हळदीचा वास मारणाऱ्या डिंकाच्या पापुद्र्याखाली काहीतरी दोनदा गरम झालं. थांबलं. परत दोनदा गरम झालं.

“हळद आधीच लावून आलास की रे,” ती म्हणाली.

मग दोघं बोलत बसले. दव कुठलं गोड, आई काय काय बोलते, जांभळाचे तीन हात कशाला मारले. तुला वेगळा दिसावा म्हणून, तो म्हणाला. वेडा कुठला, ती म्हणाली, मला नऊशेंत तुझाच दिसायचा, तू दुसऱ्यांदा चमकताना जरा घाई करतोस. आता बोला.

सरडे हवालदार खोकले. दोन इसम, विनादिवा, भर वळणावर, हे त्यांना सोडून देता येत नव्हतं. शिवाय ओढ्यापलीकडून जाळीजाळीतून आणखी दिवे निघाले होते, सगळे फुल, सगळे रागावलेले.

“पटकन सांगा, मागे लाइन लागतेय,” सरडे पान काढत म्हणाले. “दोघांची वेगवेगळी फाडू की एकच?”

अंधारात लुकेशची शेपटी भराभर गरम होत होती.

“एकच फाडा,” ठिणगी म्हणाली.

तात्पर्य : बाळांनो, ज्याचे दिवे नियमात असतात त्याला कोणी अडवत नाही, आणि ज्याला कोणी अडवत नाही तो नुसता पुढे निघून जातो. म्हणून आयुष्यात एक तरी पावती फाडून घ्यावी. फक्त रंग लावताना तो ऑफिसच्या वेळेत उठून दिसेल असा लावावा.