जिवंत माणसाला एकच नमस्कार

हे-सुकबाईंची शनिवारची कोरियन शाळा ओसाकात पे आजोबांच्या खानावळीच्या माडीवर भरत असे, तीही फुकटात. आजोबांचा मुलगा मान-शिक याला मात्र त्याच माडीवर गाण्याचा अड्डा काढायचा होता. "नववर्षाला मुलांचे नमस्कार घेतो, मग माडीचं काय ते सांगतो," असा आजोबांचा निरोप आल्यापासून बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

गुडघा कोणता आधी टेकायचा, हात कुठे ठेवायचे, सगळं त्यांनी मुलांकडून घोटून घेतलं. श्राद्धाचा धडा नुकताच झाला होता, म्हणून एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: जिवंत माणसाला एक नमस्कार, मेलेल्याला दोन.

नववर्षाच्या शनिवारी आजोबा रेशमी हानबोक, म्हणजे सणावाराचा कोरियन पोशाख, घालून गादीवर बसले. फोटोचं काम बाईंच्या यजमानांकडे, तोंग-ग्यूंकडे होतं. जेजू बेटावरचे आजोबांचे थोरले भाऊ दरवर्षी आपल्या नातवंडांचे फोटो पाठवून त्यांना खिजवत. "निघाला की लगेच भावाला धाडा," आजोबांनी बजावलं.

मुलं एकदम खाली गेली, एकदम वर आली. कोणी धडपडलं नाही. बाईंच्या जिवात जीव आला, तेवढ्यात यजमान मोबाइलकडे बघत म्हणाले, "निघालाच नाही वाटतं. मुलांनो, परत एकदा."

मुलं आज्ञाधारक. बाईंनी "थांबा" म्हणेपर्यंत कपाळं जमिनीला टेकली होती.

पहिल्या रांगेतल्या सो-युलनं डोकं वर काढलं. "बाई, आजोबा गेले का?"

"अजून नाही," आजोबाच म्हणाले. "पण बाई, मी गेलो की माडी मान-शिकची, एवढं लक्षात घ्या."

दोनाचा दोष घालवायचा तर तीन करावेत, एवढंच बाईंना सुचलं. त्यांनी घाईघाईनं मुलांना तिसऱ्यांदा वाकवलं.

"तीन तर बुद्धाला असतात ना?" सो-युलनं उठता उठता विचारलं.

"आणि मी चर्चचा कारभारी," आजोबा म्हणाले. "उद्या पाद्रीबाबांना काय तोंड दाखवू?"

"मग चार करू," यजमान मदतीला धावले. "चार राजाला असतात. राजाला चर्चची हरकत नसावी."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले. पण दुसरा उपायही नव्हता. मुलं चौथ्यांदा धपकन खाली गेली आणि खानावळीचं छत हादरलं म्हणून मान-शिक तावातावानं जिना चढून आला.

राजाचा चेहरा जरा निवळला होता. "फोटो धाडलात ना?" त्यांनी विचारलं.

"फोटो नाही," यजमान म्हणाले, "मोबाइल चुकून व्हिडिओवर होता. पहिले दोन नमस्कार मात्र सुरेख आलेत. ते तेव्हाच पाठवले. तुम्ही त्यात दिसत नाही, तेवढं एक राहिलं."

त्याच क्षणी मान-शिकचा मोबाइल वाजला. त्यानं तो कानाला लावला आणि त्याचा चेहरा उतरला. "अप्पा, जेजूचे मोठे काका. हमसून हमसून रडतायत. तुम्ही कधी गेलात विचारतायत."

तो मोबाइल पुढे करणार, तोच आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आवाज मोठा करायची खूण केली. माडीभर हुंदके घुमले. "आमच्या घरात अक्कल होती ती एकट्या धाकट्या दोक-सूला. मी जन्मभर त्याला टाकून बोललो, पण त्याच्यासारखा माणूस होणे नाही."

आजोबांनी डोळे मिटले. थोरल्या भावाच्या तोंडून बरा शब्द ते आज प्रथमच ऐकत होते.

"अप्पा, जिवंत आहात म्हणून सांगू का?" मान-शिक कुजबुजला.

"थांब जरा. आत्ता कुठे माझ्या लहानपणावर आलाय."

बाईंनी धीर करून हळूच विचारलं, "आजोबा, ते माडीचं..."

"माडी शाळेची," आजोबा डोळे न उघडता म्हणाले. "फक्त पुढच्या वर्षीही दोनच नमस्कार ठेवा."